काचपट्टीमागचा माणूस

गोखिवऱ्यात आमच्या इमारतीच्या जिन्यावर सकाळी साडेसहाला चपलांचा आवाज येतो, तो शेजारच्या मुलीचा. खांद्याला पर्स, हातात निळी पेटी. वैद्यकीय प्रयोगशाळेचा डिप्लोमा करून ती गेल्या वर्षी एका लॅबमध्ये लागली. सकाळी घरोघर जाऊन रक्त घ्यायचे, नळ्यांवर नावे चिकटवायची, दहाच्या आत नमुने लॅबमध्ये पोचवायचे आणि मग दिवसभर यंत्रांपुढे उभे राहायचे, असा तिचा दिवस. तिच्या आईला एक खंत आहे. मुलगी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पेशंट बरा झाला की पेढे डॉक्टरांकडे जातात. रक्त तपासणाऱ्या मुलीची आठवण कोणाला येते? या खंतीवर माझ्याजवळ बरेच दिवस उत्तर नव्हते.

आमचे गोखिवरे आता गाव म्हणावे असे उरलेले नाही. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर अजून जागेवर आहे; पण पायथ्याकडची मोकळी जमीन औद्योगिक गाळ्यांनी व्यापली आणि गाव वसई-विरार महानगरपालिकेत गेले. गाळ्यांमध्ये काम करणारी बरीच मुले बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली. चहाच्या सुट्टीत ती बाहेर येतात, डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेतात, अंगठ्याने मळतात, दोन थापट्या मारून भुकटी उडवतात आणि चिमूट खालच्या ओठाच्या आत दाबतात. जुन्या घरांतल्या आज्या सकाळी मशेरी लावतात. पानाच्या टपऱ्या तर प्रत्येक नाक्यावर आहेत.

त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. बँकेच्या नोकरीत मी गालात सुपारीचे खांड ठेवूनच खतावण्या जुळवल्या. काही वर्षांपूर्वी दात दाखवायला गेलो असता दंतवैद्यांना गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे गेले ते मी आणि माझी बायको जाणतो. मग एक पाकीट आले. कर्करोग नव्हता. सुपारी सोडायची आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यायची, एवढ्यावर सुटका झाली. रिपोर्टच्या तळाशी एक सही होती. ज्या माणसाने माझ्या आयुष्याचा निकाल लिहिला त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता आणि त्यानेही माझा पाहिला नव्हता.

बँकेतल्या माणसाला सहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. समोर आलेल्या चेकवरची सही आम्ही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहत असू आणि मगच पैसे सोडत असू. सूक्ष्मदर्शकाखाली बसलेला माणूसही तेच करतो. निरोगी पेशी कशी दिसते याचा नमुना त्याच्या मनात पक्का असतो आणि समोरची पेशी त्याच्याशी जुळते की नाही ते तो पाहतो. आमची चूक झाली तर पैसे जात. त्याची चूक झाली तर माणूस जातो. ही विद्या आपल्याकडे कोणी रुजवली, या कुतूहलाने मी शोध घेऊ लागलो आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर या नावापाशी येऊन थांबलो.

खानोलकर म्हटले की मराठी वाचकाला कवी आणि कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू आठवतात. मलाही तेच आठवले. पण वैद्यकाच्या जगात खानोलकर म्हटले की गेली अनेक दशके एकच नाव पुढे येते. भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे ज्याला आपण पॅथॉलॉजी म्हणतो त्या शास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांच्या नावाने व्याख्याने होतात. मात्र त्यांच्या कामाचा फायदा ज्या घरांना झाला, त्या घरांमध्ये त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. ते पटवून घ्यायला शहर तयार नव्हते. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. अखेर तज्ज्ञांनी तपासण्या केल्या आणि निदान खरे ठरले. वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस धाडण्यात आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लशीचे काम सुरू केले. काचेवरचा थेंब पाहून शहराचे भवितव्य सांगता येते, हे मुंबईने त्या वर्षी पहिल्यांदा अनुभवले. खानोलकरांची पिढी या आठवणींच्या सावलीत वाढली.

त्यांनी वैद्यकाचे शिक्षण लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली तिथेच पॅथॉलॉजीत एम.डी. केले. हा निर्णय त्या काळात साधा नव्हता. विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर म्हणजे दारावर पाटी, दवाखान्यात रांग आणि गावात मान. शल्यचिकित्सक झाला तर विचारायलाच नको. पॅथॉलॉजी घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र शवागार, बरण्या आणि सूक्ष्मदर्शक. रोगी त्याच्याकडे येत नाही. रोग्याचा तुकडा येतो. कृतज्ञतेचे दोन शब्द ऐकायला मिळण्याची सोय या धंद्यात नाही. मायदेशी परतून खानोलकरांनी हाच मार्ग धरला आणि आयुष्यभर तो सोडला नाही.

मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या कॉलेजात, पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून काम केले. परळचे हे दुसरे कॉलेज १९२६ साली सुरू झाले, तेच एका जिद्दीतून. शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा तो काळ. अशा काळात भारतीय प्राध्यापकांनी चालवलेले कॉलेज कसे चालते, याकडे सरकारचेही लक्ष होते आणि टीकाकारांचेही. तिथे शिकवणारा प्रत्येक जण रोज परीक्षेला बसल्यासारखा होता.

या वर्षांतले काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. ते समजण्यासाठी रोग्याच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याचे पुढे काय होते ते पाहायला हवे. तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये बुडवून ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातले पाणी टप्प्याटप्प्याने काढून त्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. थंड झाल्यावर मेणाचा छोटा ठोकळा तयार होतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचा काप काढतात. तो इतका पातळ की केसाच्या जाडीत तसे दहा-पंधरा काप मावावेत. पाण्यावर तरंगणारा काप काचपट्टीवर उचलून घेतात आणि दोन रंगांत रंगवतात. पेशींची केंद्रे निळी-जांभळी दिसू लागतात आणि भोवतालचा भाग गुलाबी. एवढे झाल्यावर ती काचपट्टी भिंगाखाली जाते. यातल्या कुठल्याही पायरीवर हात हलला, घाई झाली किंवा चिठ्ठी बदलली, तर पुढे कितीही विद्वान डॉक्टर बसलेला असो, निदान चुकते.

प्राध्यापकाला आणखी एक काम असे: शवविच्छेदन. माणूस कशाने गेला असे डॉक्टरांना वाटले होते आणि तो खरोखर कशाने गेला, या दोन गोष्टी तिथे समोरासमोर येतात. ज्यांनी उपचार केले त्यांच्या चुका त्या टेबलावर उघड्या पडतात आणि त्याच पुढच्या रोग्याला वाचवतात. बँकेत अंतर्गत तपासनीस आला की शाखेत कोणाला आनंद होत नाही. पण त्याच्याशिवाय बँक चालत नाही. रुग्णालयात पॅथॉलॉजिस्टची जागा अशीच असते. या टेबलापाशी घडलेली नजर खानोलकर पुढे पेशींकडून माणसांकडे वळवणार होते.

ती संधी १९४१ साली आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या संपत्तीच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. त्यांचे वय तेव्हा शेहेचाळीसच्या घरात होते. अध्यापनाची नावाजलेली जागा मागे ठेवून ज्या रोगावर फारसे उपाय नव्हते त्या रोगाच्या रुग्णालयात ते आले.

परळच्या त्या भागाशी माझीही थोडी ओळख आहे. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका शाखेत होतो. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. गिरणगाव ओसाड होऊ लागले होते. काउंटरवर गावाकडून आलेले डिमांड ड्राफ्ट घेऊन माणसे उभी राहत. जमिनीचा तुकडा विकून किंवा बैल विकून आलेला पैसा कसा असतो ते ड्राफ्टच्या रकमेवरून कळत नाही. तो हातात धरण्याच्या पद्धतीवरून कळते. रुग्णालयात पैसे भरायचे आहेत, लवकर द्या, एवढेच ती माणसे सांगत. रात्री ती समोरच्या फुटपाथवर झोपत. आपल्या माणसाला काय झाले आहे हे त्यांना एका कागदाने सांगितलेले असे. तो कागद बहुतेकांना वाचताही येत नसे.

खानोलकर तिथे आले तेव्हा एक समजूत जगभर पक्की होती. कर्करोग हा सुधारलेल्या, सुखवस्तू, पाश्चात्त्य देशांचा आजार. हिंदुस्थानसारख्या देशात तो क्वचित होतो, असे पुस्तकांतून लिहिले जाई. तिसाव्या दशकात नाथ आणि ग्रेवाल या भारतीय संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदींवरून या समजुतीला धक्का दिला होता. आता टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येऊ लागले आणि खानोलकरांच्या टेबलावर काचपट्ट्यांची रास पडू लागली. रोग दुर्मीळ नव्हताच. तो मोजला गेला नव्हता.

इथे खानोलकरांचे वेगळेपण दिसते. काचपट्टी पाहून हा कर्करोग आहे की नाही ते लिहायचे आणि सही करायची, की पॅथॉलॉजिस्टचे कर्तव्य संपले. त्यापुढे त्याला कोणी विचारत नाही. खानोलकरांनी स्वतःलाच दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा याच माणसाला का झाला, आणि याच जागी का झाला? याचे उत्तर भिंगाखाली मिळत नाही. त्यासाठी रोग्याचे गाव, जात-जमात, धंदा, आहार, पोशाख आणि व्यसन यांची नोंद हवी. निदानाचा कागद त्यांनी अशा रीतीने माणसाच्या घरापर्यंत मागे नेला.

१९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रोग्यांचा आढावा एका अमेरिकी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. सलग या शब्दाला इथे मोल आहे. सोयीचे रोगी निवडले की हवा तो निष्कर्ष काढता येतो. एकामागून एक आलेले हजार रोगी घेतले की निवडीला जागा राहत नाही. तंबाखू आणि पान-सुपारीचा संशय तसा जुना होता. दक्षिणेत त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच तो लिहून ठेवला होता. पण आता मुंबईसारख्या महानगरात, आधुनिक प्रयोगशाळेच्या पुराव्यासह, तोंडाचा कर्करोग हे आपल्या देशाचे मोठे दुखणे आहे हे उघड झाले. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांचा धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा गाजलेला अभ्यास १९५० चा. परळमधला हा आढावा त्याच्या सहा वर्षे आधीचा आहे.

पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी एक लेख लिहिला. चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात होते. पहिला धोतराचा कर्करोग. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट काचणाऱ्या धोतरामुळे तिथली कातडी काळी पडते, सोलवटते, आणि क्वचित एखाद्याला तिथे गाठ होते. पुढे साडीच्या आतल्या परकराच्या नाडीमुळेही असे होते हे डॉक्टरांनी नोंदवले. असे रोगी फार थोडे. पण रोजच्या सवयीची खूण शरीर कशी जपून ठेवते, याचा तो धडा होता.

दुसरा प्रकार आंध्रच्या किनाऱ्याकडचा. तिथे चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत आहे, आणि ती बायकांमध्ये जास्त. त्यांच्या टाळूला कर्करोग होतो. एरवी टाळूला तो सहसा होत नाही. पण धग आणि धूर रोज टाळूवर बसल्यावर काय होणार?

तिसरा प्रकार वाचताना मी थबकलो. तो खैनीचा होता. बिहारकडच्या रोग्यांना खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत कर्करोग होतो, कारण मळलेल्या तंबाखूची चिमूट ते तिथेच धरून ठेवतात, असे १९४५ सालच्या त्या लेखात नोंदले आहे. आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांबाहेर चहाच्या वेळी मी रोज पाहतो ती चिमूट हीच, ओठ तोच आणि खाचही तीच.

लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचे कारण काजळीत शोधले होते. कर्करोगाचे कारण माणसाच्या बाहेरही असू शकते, हे त्याने दाखवले. खानोलकरांचे काम त्याच वाटेवरचे. फक्त त्यांनी ती वाट आपल्या धोतरापर्यंत, आपल्या चुन्याच्या डबीपर्यंत आणली. या रोगाला दैव किंवा मागल्या जन्माचे पाप समजून गप्प बसणाऱ्या घरांना त्यांनी नकळत एक दिलासा दिला. जे सवयीने होते ते सवय सोडून टाळता येते. मात्र याच दिलाशात एक जबाबदारीही दडलेली होती.

ज्या देशात इतक्या जाती-जमाती आपापल्या चालीरीतींनी शेजारी-शेजारी राहतात, तो देश कर्करोगाची कारणे शोधायला एक मोठे पुस्तकच आहे, ही त्यांची दृष्टी. मुंबईच्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग तुलनेने जास्त आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी, तर हिंदू स्त्रियांमध्ये नेमके उलटे, हे टाटा रुग्णालयाच्या नोंदींतून दिसून आले. लग्नाचे वय, बाळंतपणे, राहणी असे अनेक प्रश्न त्यातून निघाले. डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतल्या सहा समाजांच्या रक्तगटांचा आणि आनुवंशिक गुणांचा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली त्याच परळमध्ये, सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेजातल्या डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मीळ रक्तगट उजेडात आणला. जगाने त्याला बॉम्बे रक्तगट असे नाव दिले. तोही रोजच्या रक्ततपासणीतल्या एका न जुळणाऱ्या नमुन्यातूनच सापडला.

खानोलकरांनी दुसरा एक रोग तितक्याच मायेने तपासला, तो कुष्ठरोग. कर्करोगाची भीती वाटते. कुष्ठरोग्याला तर त्या काळी घरातून काढून देत. चट्टा बधिर का होतो? सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप एकामागून एक तपासून त्यांनी दाखवले की हा जंतू अगदी आरंभापासूनच कातडीतल्या बारीक मज्जातंतूंना गाठतो. १९५१ साली हे काम भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. रोग लवकर ओळखला तर बोटे वाचतात, माणूस घरात राहतो. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांच्या कातडीचा कणभर तुकडा भिंगाखाली ठेवून या माणसाने वर्षे घालवली.

१९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. इथे त्यांनी केलेली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांनी मुलींना प्रयोगशाळेत जागा दिली. त्या बशा धुवायला किंवा नोंदी उतरवायला आलेल्या नव्हत्या. त्या स्वतंत्र संशोधन करणार होत्या. पुण्याच्या कमल समरथ, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, चाळीसच्या दशकात टाटा रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात आल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, अमेरिकेला जाऊन ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकून आल्या आणि संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. डॉ. सत्यवती सिरसाट याही खानोलकरांच्याच हाताखाली घडल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात त्यांनी नाव कमावले. इतक्या वर्षांनी आमच्या इमारतीतली मुलगी निळी पेटी घेऊन निघते तेव्हा त्या वाटेवरून आधी कोण चालले आहे, हे तिला ठाऊक असायला हवे.

मानमरातब यथावकाश आले. पद्मभूषण मिळाले. पॅथॉलॉजिस्टांच्या भारतीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष झाले, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, अणुकिरणोत्साराच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी काम केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्यांनी सुरू केलेले संशोधन केंद्र १९६६ साली टाटा रुग्णालयाशी एकत्र आले आणि नंतर खारघरला मोठ्या जागेत गेले. तिथल्या एका इमारतीचे नाव खानोलकर शोधिका आहे. शोधिका हा शब्द मला फार आवडला. शोध संपत नाही, तो चालू आहे, असे त्यात ऐकू येते.

पण कादंबरीकाराला नायकाचा गौरव करून थांबता येत नाही. त्याच्या हातून काय निसटले तेही पाहावे लागते. खैनीची चिमूट ओठाला काय करते हे १९४५ साली छापून आले. त्यानंतर काय झाले? मोजणी सुधारली: १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले. पण ज्ञान वाढत होते त्याच वर्षांत गुटख्याच्या पुड्या खेड्यापाड्यांत, शाळांच्या दारांत पोचल्या. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली, म्हणजे खानोलकरांच्या त्या लेखानंतर सदुसष्ट वर्षांनी. बंदी असूनही पुड्या कशा मिळतात हे वाचकांना मी सांगायला नको.

याचा दोष खानोलकरांचा नाही. काचपट्टी सत्य सांगू शकते, हात धरू शकत नाही. हात धरायचे काम घरातल्यांचे, शाळेचे, सरकारचे, आणि माझ्यासारख्या सुपारी चघळत बसणाऱ्या शहाण्यांचे होते. आम्ही सारे वाचत होतो, मान डोलवत होतो आणि खांड तोंडात टाकत होतो. माझा रिपोर्ट चांगला आला यात माझे कर्तृत्व काहीच नाही. परळच्या काउंटरवर ड्राफ्ट धरून उभ्या असलेल्या माणसात आणि माझ्यात नशिबाचेच अंतर होते.

मागच्या महिन्यात शेजारच्या मुलीला मी खानोलकरांची ही हकिकत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. सूर्याबाईंच्या नावापाशी तिने मला थांबवले आणि त्या कोण, कुठल्या असे विचारले. लेखावरच्या नावापलीकडे मला काही सांगता आले नाही. मग तिने पेटीतून नमुना घेताना भरायचा एक छापील फॉर्म काढला. नाव, वय, उपाशी आहे की जेवून, कोणती औषधे चालू आहेत, असे रकाने होते. सर्वांत खाली सवयी असा एक रकाना होता. तो बहुतेक वेळा कोराच राहतो, असे तिने सांगितले. सकाळच्या घाईत कोण विचारत बसणार?

परवा एका गाळ्यात कामगारांच्या तपासणीचे शिबिर होते. मी सहज तिकडून जात होतो. रांगेतल्या एका पोराच्या दंडाला तिने रबरी पट्टा बांधला, रक्त घेतले, कापूस दाबून धरायला सांगितले. मग पेन उघडून त्याला काहीतरी विचारले. तो लाजला, इकडेतिकडे पाहिले आणि बोटाने आपला खालचा ओठ दाखवला. तिने फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहिले आणि पुढच्याला बोलावले.